डावीकडचा कान

मित्रांनो, माझं वजन एकशे साठ ग्रॅम आहे, आणि आयुष्यात जे काही नाव कमावलं ते या वजनावरच. दिसायला मी अगदी साधा. पितळेची एक जाड चकती, वरून चकचकीत मुलामा, खालून बशीसारखी खोलगट. माझ्या पाठीतून एक लांब रबरी नळी निघते आणि तिच्या टोकाला एक गुलाबी, वेडावाकडा खडा आहे. तो कानात घालायचा. एकाच कानात. दोन कानांचे स्टेथोस्कोप तुम्ही पाहिले असतील, डॉक्टरांच्या गळ्यात ऐटीत लोंबकळणारे. मी त्यांचा जुना, एका कानाचा चुलत भाऊ. मला गळ्यात मिरवायची सवय नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये बाळांच्या छातीवर बसतो.

माझा जन्म लेथवर झाला. तो कारागीर नळाच्या तोट्या करण्यात पटाईत होता. एके दिवशी त्याच्याकडे एक तरुण डॉक्टरीणबाई कागदावर काढलेलं चित्र घेऊन आल्या. चित्र पाहून कारागीर म्हणाला, "बाई, एवढी जाड कशाला? आतून पोखरून हलकी करून देतो की."

"हलकी नकोच," बाई म्हणाल्या. "मी हात लावला नाही तरी ती छातीवर बसून राहिली पाहिजे. माझे दोन्ही हात दुसऱ्या कामात असतात."

"छाती कुणाची?"

"सहा महिन्यांच्या बाळाची."

कारागिराने हातातली बिडी विझवली आणि कागद पुन्हा नीट पाहिला. त्याने मला एकदम घडवलं नाही. पहिली चकती जड झाली, दुसरी हलकी. ती माझी दोन भावंडं पुढे त्याच्या टेबलावर बिलं दाबायला राहिली. मी तिसरा. मला त्याने तळहातावर ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवून खुर्चीत मागे रेलून पाच मिनिटं गप्प बसला, आणि म्हणाला, "ही जमली."

माझा कानातला खडा कवळ्या करणाऱ्याने केला. बाईंच्या डाव्या कानात मऊ लगदा भरून त्याने साचा घेतला. "आजवर दात पुष्कळ केले," तो म्हणाला, "कान पहिलाच." त्यामुळे तो खडा जगात फक्त एकाच कानात नीट बसायचा. दुसऱ्या कुणी घातला तर टोचायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या मॅडम. त्यांचं काम भूल द्यायचं.

मित्रांनो, भूल म्हणजे झोप असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो ओरडत उठतो. भूल दिलेल्या बाळाला कापलं तरी कळत नाही, आणि कित्येकदा श्वास घ्यायचीही आठवण राहत नाही. ती आठवण दुसऱ्या कुणीतरी ठेवायची असते. आमच्या थिएटरमध्ये ती मॅडम ठेवत. बाळाच्या श्वासनळीत एक बारीक नळी सरकवायची, तिच्यातून त्याला हवा द्यायची, आणि ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा प्रत्येक ठोका, प्रत्येक श्वास माझ्यातून ऐकायचा. ठोका 'लप-डप' वाजतो. श्वास 'सूं' करून येतो आणि 'हूं' करून जातो. तीस वर्षं मी ही दोन गाणी ऐकवली. कंटाळा असा आला नाही. प्रत्येक बाळ ती थोडी वेगळी गातं.

मॅडमचा कान आणि बाळाची छाती माझ्या नळीने जोडली गेली की मॅडमना दूर जाता येत नसे. आमचे सर्जन, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, यावर रोज तोच विनोद करीत.

"काय मॅडम, दावणीला बांधल्या का?"

"बांधल्या. तुम्ही चरायला सुरुवात करा."

मग ऑपरेशन सुरू व्हायचं.

थिएटरचा एक नियम होता. नळी एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाताना मोठ्याने बोलायचं. देणाऱ्याने म्हणायचं, "कान घे." घेणाऱ्याने म्हणायचं, "कान घेतला." तोवर देणाऱ्याने सोडायचं नाही. मॅडम कुणाला सहसा द्यायच्याच नाहीत, तो भाग वेगळा.

पुढे यंत्रं आली. बाळाच्या बोटाला चिमटा लावला की ठोके आणि रक्तातला प्राणवायू आकड्यांत दाखवणारा पडदा आला. त्याच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्याने कितीतरी जीव वाचवलेले मी माझ्या जागेवरून पाहिले आहेत. पण तो आला आणि माझ्या जातीचे सगळे एकेक करून खणात गेले. शेजारच्या थिएटरमधला माझ्यासारखाच एक गडी नळी चिकट होऊन, चिरा पडून, शेवटी कचऱ्यात गेला. मला मॅडमनी सोडलं नाही. लोक हसायचे. "मॅडम, हे आता काचेच्या कपाटात ठेवायचं." मॅडम माझी नळी साबणाच्या पाण्याने धुवायच्या, वेटोळं न करता सरळ टांगायच्या आणि म्हणायच्या, "ठेवू. आधी मला ठेवा."

मग आमच्याकडे भूलशास्त्र शिकायला एक नवी डॉक्टर आली. सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला 'धाकटी' म्हणू लागले. हुशार होती. खिशात वही, वहीत आकडे. कुठल्या बाळाला किती किलोमागे किती औषध, हे तिला विचारायचा अवकाश की उत्तर हजर. पहिल्याच दिवशी तिने मला उचलून पाहिलं आणि आदबीने म्हणाली, "मॅडम, पडद्यावर एकाच वेळी सहा गोष्टी दिसतात. याच्यातून दोनच कळतात."

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "दोनच. पण आधी कळतात."

धाकटीने ते वहीत लिहिलं, पण पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी पाहिलं.

आता जे सांगतो ते सांगताना मला आजही जड जातं.

एका दुपारी टेबलावर तीन वर्षांची मुलगी होती. ऑपरेशन हर्नियाचं, साधं. अर्ध्यावर तिच्या छातीत बारीक शिट्टी सुरू झाली. श्वासाच्या वाटा आवळू लागल्या की अशी शिट्टी वाजते. मी ती घेतली, नळीतून वर पाठवली, खड्यापर्यंत पोचवली. मॅडमनी मान वळवली नाही. मी पुन्हा पाठवली. शिट्टी वाढत होती आणि मॅडम शांतपणे सलाईनकडे पाहत होत्या. अखेर हातातली हवेची पिशवी दाबायला घट्ट लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लगेच औषध दिलं, मुलगी सावरली, पडद्यावरचा आकडासुद्धा फारसा हलला नाही. कुणाला काही कळलं नाही. पण मॅडमना कळलं होतं की ही शिट्टी आधी ऐकू यायला हवी होती.

ऑपरेशननंतर त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "मामा!" त्यांनी हाक मारली. मामा म्हणजे थिएटरची साफसफाई, ने-आण सगळं पाहणारे आमचे जुने कर्मचारी. "मामा, ही नळी कशात धुतलीत? आतून बुजलीय."

"मॅडम, नळी नवी आहे. सोमवारी तुमच्याच समोर बसवली."

"मग चकतीत काहीतरी गेलंय. इकडे या. शर्टाचं बटण काढा."

मामांना जुना दमा होता. दोन जिने चढून आले की त्यांच्या छातीत पेटी वाजायची. मॅडमनी मला त्यांच्या छातीवर ठेवलं. मामांच्या छातीत तेव्हा शिट्ट्यांचा बाजार भरला होता. मी सगळ्या वर पाठवल्या.

मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठोके येतायत. बाकी काही नाही. बघा, चकतीच बिघडलीय."

मामा अवघडून उभे होते. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "रागावू नका. पण शिट्टी तर मलाच ऐकू येतेय. माझ्याच छातीतली. नळी न लावता."

शेजारी धाकटी उभी होती. तिलाही ती ऐकू येत होती. ती खाली पाहू लागली.

मित्रांनो, वय वाढलं की कान एकदम जात नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात. ढोल ऐकू येतो, शिट्टी येत नाही. समोरच्याचं बोलणं समजतं, म्हणून माणसाला वाटतं की कान शाबूत आहेत. मॅडमना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी खडा कानातून काढला, कापसाने पुसला आणि म्हणाल्या, "म्हणजे चकती बरी आहे. कान गेला."

मला वाटलं, आता मी खणात जाणार. पण मॅडम तडक सरांच्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या मुठीतच होतो.

सरांनी ऐकून घेतलं. "एवढं काय त्यात? कानाला यंत्र लावा."

"लावणार आहे. पण त्या यंत्राबरोबर हा खडा बसत नाही. एका कानात दोन बिऱ्हाडं राहत नाहीत."

"मग दुसरा कान वापरा."

"दुसराही त्याच वयाचा आहे."

सर हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. "नीट ऐका," त्या म्हणाल्या. "आजपासून लहान मुलाला मी एकटी भूल देणार नाही. सहा महिन्यांनी हे काम सोडणार. तोवर या थिएटरला एक कान तयार करून देते. नाही झाला तयार, तर वर्षाच्या आतलं मूल या टेबलावर घ्यायचं नाही. त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवायचं."

"ते पाच तासांवर आहे, मॅडम. निम्मे लोक जाणारच नाहीत. आणि पडदा आहे ना आपल्याकडे!"

"पडदा आहे. म्हणून तर सहा महिने थांबतेय. नाहीतर आजच गेले असते."

दुसऱ्या दिवशी धाकटीला कवळ्या करणाऱ्याकडे धाडलं. तो आता म्हातारा झाला होता. "दुसरा कान!" असं म्हणून त्याने साचा घेतला. माझ्या नळीला नवा, जरा लहान खडा बसला. जुना गुलाबी खडा मॅडमनी पर्समध्ये टाकला. इतकी वर्षं ज्या कानाशी बोललो त्याचा निरोपसुद्धा घेता आला नाही. धाकटीचा कान मला परका वाटला. ती ऐकायची कमी आणि मोजायची जास्त.

मग तिची तालीम सुरू झाली. मॅडम धाकटी आणि पडदा यांच्यामध्ये हिरवं कापड टांगायच्या आणि स्वतः पलीकडून आकडे पाहायच्या.

"ठोके किती?"

"एकशे अठ्ठावीस."

"एकशे एकतीस. चालेल. श्वास?"

"येतोय."

"येतोय हे मलाही माहीत आहे. कसा येतोय?"

धाकटी वही चाळायची. 'कसा' हे वहीत मावत नव्हतं. मॅडम तिला सोडायच्या नाहीत. चहाच्या वेळी ती मला घेऊन सगळ्यांच्या छातीवरून हिंडायची. मामा आनंदाने बटण काढायचे आणि विचारायचे, "आज कोणता राग?" थिएटर सिस्टर, म्हणजे सरांच्या हातात हत्यारं देणाऱ्या आमच्या कडक बाई, म्हणायच्या, "लवकर आटप गं, माझं हृदय काही पळून जात नाही." सरांनासुद्धा तिने सोडलं नाही. "काय निघालं?" सरांनी विचारलं. "सर, तिसरा चहा झालेला दिसतोय." तिसराच होता.

दोन महिन्यांनी मॅडमनी तिला पहिल्यांदा पूर्ण ऑपरेशन सोपवलं. फाटलेल्या ओठाचं बाळ. ओठाच्या, टाळूच्या ऑपरेशनला सर टेबलाच्या डोक्याशी बसतात, कारण त्यांना तोंडात काम करायचं असतं. मग भूल देणाऱ्यांना आपली नेहमीची जागा सोडून पायांकडे सरकावं लागतं. धाकटीने पायांकडून वाकून मला बाळाच्या छातीवर चिकटवलं, वर हिरव्या चादरी आल्या, आणि तासाभरात सगळं व्यवस्थित पार पडलं. ती खूश होती.

चादरी काढल्या. मला उचललं. मी जिथे बसतो तिथे थोडा वेळ माझा गोल, लालसर ठसा राहतो. मॅडमनी त्या ठशावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"याचा ठसा, मॅडम. जाईल पाच मिनिटांत."

"कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या," धाकटी म्हणाली. आणि मग तिने पाहिलं. ठसा बाळाच्या उजव्या बाजूला होता.

मला ते पहिल्या क्षणापासून माहीत होतं, पण मला बोलता कुठे येतं? चूक साधी होती आणि ती आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते. महिनोन्महिने ती बाळाच्या डोक्याशी उभी राहिली होती. तिथून बाळाची डावी ती आपली डावी. आज पायांकडे आली तेव्हा बाळाची डावी तिच्या उजव्या हाताला गेली. हात मात्र सवयीने आपल्याच डावीकडे वळला.

"पण मॅडम, काही झालं नाही ना," ती पुटपुटली.

"झालं असतं तर तुला कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिची वही घेतली आणि तिच्यात श्वासनळीचं चित्र काढलं, उलट्या वाय अक्षरासारखं. "उजवी फांदी बघ, जवळजवळ सरळ खाली जाते. डावी वळते. भुलेची नळी चुकून खोल गेली तर कुठे शिरेल?"

"उजवीकडे."

"मग श्वास कुठला बंद पडेल?"

"डावा."

"आणि तू कान कुठे ठेवला होतास?"

धाकटीने पुन्हा त्या ठशाकडे पाहिलं. उजव्या बाजूला ठेवलेला मी तिला भरपूर श्वास ऐकवत राहिलो असतो, आणि डावं फुप्फुस तिकडे मुकं झालं असतं.

"जिथून आधी आवाज बंद होणार, तिथे कान ठेवायचा," मॅडम म्हणाल्या. "जिथे छान ऐकू येतं तिथे नाही."

त्या दिवसापासून सिस्टरनी नवीन प्रथा पाडली. मी छातीवर बसलो की त्या खड्या आवाजात विचारायच्या, "डावी कुणाची?" आणि धाकटीने उत्तर द्यायचं, "बाळाची!" सर म्हणायचे, "शाळा भरली." पण प्रथा मोडली नाही.

सहावा महिना निम्म्याहून जास्त सरला. मॅडमच्या कामाचे अकरा दिवस उरले होते, आणि धाकटीचा कान तयार झाला की नाही यावर त्यांनी अजून हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. त्या सकाळी दहा महिन्यांचं एक बाळ आलं. टाळू दुभंगलेली. दूध नाकातून यायचं. आईने धाकटीला दाराशी गाठलं.

"डॉक्टर, हा नीट बोलेल ना? 'आई' म्हणेल?"

"आई तर तो आत्तासुद्धा म्हणेल," धाकटी म्हणाली. "त्याला टाळू लागत नाही. 'बाबा', 'काका' म्हणायला लागते. ओठ किंवा जीभ हवा अडवते ना, तेव्हा ती नाकातून पळून जाते."

बाजूला बाप उभा होता. "म्हणजे हे ऑपरेशन माझ्यासाठीच चाललंय," तो म्हणाला.  आईने बाळ धाकटीच्या हातात दिलं, पण टोपडं मात्र मुठीत धरून ठेवलं.

भूल दिली. नळी घातली. मी बसलो. "डावी कुणाची?" "बाळाची!" सर डोक्याशी, धाकटी पायांकडे माझ्या दावणीला, मॅडम तिच्या शेजारी स्टुलावर. टाळूच्या ऑपरेशनला बाळाच्या तोंडात स्टीलची एक चौकट बसवतात. ती जबडा उघडा धरते आणि तिची पट्टी जीभ दाबून ठेवते. भुलेची नळीही त्याच पट्टीखालून जाते, त्यामुळे चौकट जास्त उघडली तर नळीही आत रेटली जाऊ शकते. चौकट बसवली तेव्हा धाकटीने दोन मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. सगळं ठीक होतं.

अर्धा तास गेला. सर आतल्या टोकाशी पोचले होते. "दिसत नाहीये," ते म्हणाले आणि चौकट आणखी एक घर उघडली. थोडं रक्त आलं. "सक्शन. हं. आता दिसतंय."

आणि माझ्या खालचा श्वास गेला.

ठोका होता, लप-डप, लप-डप. पण 'सूं' नव्हता. बाळाची उजवी बाजू हलत होती, त्याचा अंधूक घुमारा पलीकडून येत होता. माझ्याखाली मात्र शांत. मी जेवढं ऐकू येत होतं तेवढंच वर पाठवलं. नसलेला आवाज मी काही वाढवून पाठवू शकत नाही.

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. आज त्याच्यापुढे कापड नव्हतं. शंभर. श्वासाची रेघसुद्धा नेहमीसारख्या टेकड्या काढत होती. तिने खडा बोटाने आत दाबला. पुन्हा ऐकलं. मग सवयीने तो कानातून अर्धा काढून मॅडमपुढे धरला.

"मॅडम, तुम्ही बघता? मला वाटतं..."

मॅडमनी हात मांडीवरून उचललाही नाही. "माझ्या कानाला विचारू नकोस. तो निवृत्त झालाय. कान कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग जे वाटतंय ते मला नको. सरांना सांग."

धाकटीने खडा पुन्हा बसवला. "सर, डावीकडे श्वास येत नाहीये."

"शंभर आहे की," सर मान वर न करता म्हणाले. "दोन मिनिटं दे. हा एक टाका बसू दे, मग काय ते बघ."

दहा महिन्यांच्या बाळाच्या छातीत दोन मिनिटं म्हणजे काय, ते मी तीस वर्षं ऐकत आलो आहे. मोठ्या माणसाच्या अंगात प्राणवायूची शिल्लक असते. बाळाची टाकी इवलीशी आणि खर्च दुप्पट. धाकटीच्या मानेतली शीर उडत होती. ती माझ्या नळीतून मलाही जाणवत होती.

"नाही सर." तिचा आवाज मोठा नव्हता, पण सिस्टरचा हात हवेतच थांबला. "दोन मिनिटं नाहीत. हात बाहेर घ्या आणि चौकट एक घर सैल करा. आत्ता."

 आमच्या सरांना असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. त्यांनी मान वर केली, आधी धाकटीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडम पडद्याकडे पाहत नव्हत्या, सरांकडेही नाही. त्या धाकटीच्या कानाकडे पाहत होत्या.

सरांनी हात बाहेर घेतले. चौकट कडकन एक घर मिटली.

धाकटी वाकली. बाळाच्या हनुवटीवर नळी जिथे चिकटवली होती तिथली पट्टी सोडवली, आणि डोळे मिटले. तिने नळी बाहेर ओढली. किती? तांदळाच्या एका दाण्याएवढी. काही नाही. अजून केसभर.

सूं.

माझ्याखाली ते डावं फुप्फुस असं उघडलं की मला वाटलं, मीच वर उचलला गेलो. सूं. हूं. सूं. धाकटीने डोळे उघडले आणि नळी तिथेच घट्ट चिकटवली.

आणि तेव्हा कुठे पडद्याचा, प्रत्येक ठोक्याला वाजणारा सूर आकड्याबरोबर खाली घसरू लागला. अठ्ठ्याण्णव. पंच्याण्णव. एक्क्याण्णव. सर जागचे उठले. "अरे, उतरतंय! काय केलंस?"

"ते मघाचं आहे, सर," धाकटी म्हणाली. "बोटापर्यंत आत्ता पोचतंय. डावा श्वास आलाय. थांबा."

सगळे पडद्याकडे पाहत उभे राहिले. लांबून आलेल्या पत्रासारखं होतं ते. पत्रातली बातमी वाचेपर्यंत घरातलं दुखणं बरं झालेलं असतं. एक्क्याण्णव. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव. सूर पुन्हा चढू लागला. अठ्ठ्याण्णव. शंभर.

सर सावकाश खाली बसले. "तू थांबवलं नसतंस तर हे किती उतरलं असतं?"

"माहीत नाही, सर. मोजायला थांबले नाही."

आकड्यांशिवाय दिलेलं तिचं ते पहिलं उत्तर होतं.

"चौकट मी पुन्हा थोडी उघडणार आहे," सर म्हणाले. "तू ऐक. तू हो म्हणालीस की मी टाका घेतो."

त्यांनी चौकट निम्म्या घराने उघडली. धाकटीने ऐकलं. एक श्वास, दोन, पाच. "हो. घ्या."

मॅडम स्टुलावरून उठल्या. पर्स उचलली. "मी जरा चहा घेऊन येते," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. टेबलावर बाळ असताना मॅडम थिएटरच्या बाहेर गेल्याचं मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. मामांनी दार उघडून धरलं, तेव्हा त्यांनाही विश्वास बसत नव्हता. मॅडमनी मागे वळून पाहिलं नाही. धाकटीनेही पाहिलं नाही. ती ऐकत होती.

त्या बाळाची टाळू शिवून झाली. उरलेले दहा दिवस मॅडम आल्या आणि बहुतेक वेळ चहाच्याच खोलीत बसल्या. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "काय मॅडम, वर्षाच्या आतली बाळं घ्यायची की पाच तासांवर पाठवायची?" मॅडम म्हणाल्या, "मला काय विचारता? कान तिच्याकडे आहे." आता त्यांच्या कानात ते छोटं यंत्र असतं. मामा सांगत होते, की त्या परवा भेटल्या आणि म्हणाल्या, "मामा, तुमची छाती केवढ्याने वाजते हो! औषध घेत नाही का?"

माझ्या पितळेला आता काठाशी हिरवट रंग चढतो आहे. मुलामा दोन ठिकाणी उडाला आहे. एक दिवस मीही बदलला जाईन, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. नवी यंत्रं माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त जाणतात. तुमच्याकडे मी एवढंच मागतो. एखादं जुनं साधन फेकण्याआधी, ते कोणतं काम सगळ्यांच्या आधी करत होतं, हे एकदा विचारून घ्या. आणि तुमच्या घरात, वर्गात नेहमी बोलणारं कुणी अचानक गप्प झालं, तर सगळं ठीकच दिसतंय म्हणून दुरून पाहत बसू नका. उठून जवळ जा आणि ऐका. आणि सांगायची वेळ आली की समोर कितीही मोठा माणूस असला तरी स्पष्ट सांगा.

आता मला थांबायला हवं. मामांनी चाकांचा पलंग आत आणला आहे. आजचं बाळ सात महिन्यांचं आहे आणि थिएटर थंडगार आहे. धाकटीने मला स्पिरिटने पुसलं आणि दोन्ही तळहातांमध्ये धरून ठेवलं आहे. गार धातू लागून बाळ दचकू नये म्हणून ती मला ऊब देते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, मॅडमनीसुद्धा नाही. अजून अर्धा मिनिट ती मला अशीच धरून ठेवील. मग मी कामाला बसेन.